पाणी कुठं मुरतं

कुवेतच्या जहऱ्यात पाऊस पडतो
वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतके तास,
तरी सरकारी दवाखान्याच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग
आम्ही तीनदा बिलात लावलं होतं.
एकदा मूळ निविदेत,
एकदा 'सुधारित तपशील' म्हणून,
आणि एकदा 'किरकोळ कामे' या ओळीखाली,
जिथं मंत्रालयात कुणाचंच बोट थांबत नाही.

इथल्या दिनाराला दशांशचिन्हापुढं तीन घरं.
पाच फिल्स इकडचे तिकडं झाले
तर हिशोबनीस इलियास परकार
रात्री दहाला फोन करतो.
मी मोजणीदार. बावीस वर्षं
ताळा जमवत आलोय.
बेरीज कधी चुकली नाही माझी.
चुकायचं ते बेरजेच्या आधीच चुकलेलं असायचं.

मग लेखापरीक्षणातून बदरिया बाई आल्या.
फाइल उघडलीच नाही त्यांनी.
म्हणाल्या, टँकर मागवा.
गच्चीवर चार बोटं पाणी भरा,
दोन दिवस राहू द्या.

तुलबहादूरनं पाइप धरला.
मे महिन्यात, वाळूच्या मधोमध,
सरकारी छपरावर तळं साठलं.
कबुतरं आली, कुठून कोण जाणे.
बाई खाली बाळंतिणींच्या वॉर्डात,
प्लास्टिकच्या खुर्चीवर.
खाटा अजून आल्या नव्हत्या,
खाटांचं बिल आलं होतं.

आमच्याकडं म्हणतात, कुठंतरी पाणी मुरतंय.
मला ते अरबीत सांगता आलं नसतं.
गरजही पडली नाही.
दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजानंतर
छताला एक डाग दिसला, नाण्याएवढा.
मग ताटाएवढा.
मग थेंब.

इंजिनिअर साहेब
एसीच्या पाइपांबद्दल बोलू लागले.
बाईंनी थेंबाखाली कागदी पेला ठेवला,
आणि मोजणीवहीचं पान माझ्याकडं फिरवलं:
"ही कुणाची?"

सही सुरेख आहे माझी.
शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस होतं.
तीन पानं, तीन तारखा,
एकच शाई.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं,
मग बुटांकडं.
मी सवयीनं आधी
थेंबच मोजत राहिलो.
एकोणिसाव्याला म्हणालो, "माझी.
पण हिच्या वर आणखी चार आहेत, बाई.
त्याही वाचा."