वारसाचा रकाना

सहा तारखेला मी विडी घरकुलात जाते.
पिशवीत पासबुकं, गल्लीवार रबर लावलेली,
शाईचं पॅड, कार्बन,
आणि शेंगाचटणी घालून मोडून ठेवलेली कडक भाकरी,
कारण दारोदार नोटा मोजताना दोन कधी वाजतात कळत नाही.

शंभर, दोनशे, कुणाचे पाचशे.
नोटांना तंबाखूचा वास.
पोस्टातला क्लार्क मान वर न करता म्हणतो,
घरकुलाचा भरणा आला वाटतं.

माझं बोलणं पाठ आहे:
अक्का, साठ हप्ते, चुकवू नका.
आजचे शंभर पाच वर्षांनी शंभर राहत नाहीत,
तेव्हा तेल महाग, गोळ्या महाग, रिक्षा महाग,
बोटं तेवढी स्वस्त.
हे शेवटचं कुठल्या पत्रकात नाही.
ते सुचलं बालामणी वल्लाळच्या ओट्यावर.

बालामणी अडुसष्टची.
मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं,
पत्रा ठेवून कातरते, भरते, वळते, दोरा मारते.
पन्नास वर्षं रोज हजार,
आता कशाबशा चारशे,
त्यातल्या कारखान्यात छाटून टाकतात त्या वेगळ्या.

पेन्शन आहे, हजाराच्या अलीकडे पलीकडे.
त्यासाठी दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला.
अंगठा ठेवला की यंत्र म्हणतं, जुळत नाही.
पानांनी रेषा खाल्ल्यात.
मागच्या साली तिसऱ्या खेपेला
ती यंत्रालाच तेलुगूत काहीतरी बोलली,
रांगेतल्या बाया खो खो हसल्या,
मग डोळा दाखवून ती जिवंत ठरली.

मार्चात तिचे साठ हप्ते पुरे झाले.
तिचा खर्च मीच मनात मांडून ठेवला होता:
एका डोळ्याचा मोतीबिंदू, गळका पत्रा,
गड्ड्याच्या जत्रेत नातीला घेतलेल्या पैंजणांची उधारी.
ती म्हणाली, परत घाल.
सगळे?
"सगळे न्हाई. डोळ्याचे काढून ठेव.
उरलेले ठेवीत, आन् महिन्याला दोनशेचं नवं पुस्तक काढ."

मग म्हणाली,
"अंबिका, मी किती जगणार ते तुझ्या तक्त्यात हाय का?"

तक्ता आहे माझ्याकडे, लॅमिनेट केलेला.
डावीकडे रक्कम, वर वर्षं, मधे व्याज.
बोट फिरवलं. नव्हतं.
"मग किती साठवायचं ते कसं सांगतीस?"

सात रस्त्याच्या हॉटेलात यावर एकदा भाषण होतं,
टायवाला माणूस, चहा फुकट.
उत्तर पडद्यावर आलं, वर वर चढत गेलेलं,
घरकुलातल्या जिन्यासारखं,
कठडा नसलेलं.

फॉर्म भरला. नाव, वय, रक्कम.
वारस?
मुलगा भिवंडीला, मागावर. त्याचं नाव लिहायला घेतलं
तर तिनं पेन धरला.
"मीच लिही."
अक्का, स्वतःला वारस लावता येत नाही.
"आत्ताची मी न्हवं गं. त्र्याहत्तरची.
ती यायलीय बग, रिकाम्या हातानं.
तिला द्यायचंय."

रकान्यात मुलाचंच नाव गेलं, नियम आहे.
पासबुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं
मी लिहिलं: बालामणी, वय ७३.
तिला वाचता येत नाही.
तरी तिनं ते बोटानं चाचपून पाहिलं.

माझं स्वतःचं पुस्तक पिशवीच्या तळाला असतं.
सतरा हप्ते, मग कोरी पानं. कधीच बंद पडलेलं.
मी चव्वेचाळीसची.
नवऱ्याच्या टॉवेल कारखान्यात आठवड्यातनं तीन दिवस माग चालतात.

खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती.
भरणा दिला, आणि वर एक नवा फॉर्म, शंभराचा.
हे कुणाचं? क्लार्कनं विचारलं.
आहे एक बाई, म्हटलं, अजून भेट झालेली नाही.

शिक्का अर्धाच उमटला.
मी परत मारायला लावला.