मागचं वाक्य खोडा

रात्रीचे पावणेबारा. मरोळ, पाचवा मजला.
अर्ध्या शहराची वीजबिलं मोजायला लावून बसले आहे.

आमचा प्रोग्रॅम सावकाश माणूस.
एक ओळ वाचतो, अर्थ लावतो, सांगितलं ते करतो,
मग पुढची.
तीच ओळ परत आली तरी
जन्मात पहिल्यांदा भेटल्यासारखी वाचतो.
नऊ लाख मीटर, नऊ लाख वेळा
युनिट गुणिले दर.

म्हणून यंदा जिट बसवला.
तो आधी नुसता मोजत बसतो
कुठली ओळ कितीदा तापते.
तापलेली तेवढी उचलतो आणि
थेट यंत्राच्या बोलीत लिहून ठेवतो.
पुढच्या खेपेला वाचणं नाही, समजणं नाही,
धावायचं.

चाळीस मिनिटांचं काम अकरा मिनिटांत.
काटदऱ्यांनी बर्फी वाटली.
मेमरी तिप्पट गेली ते मी बर्फी संपल्यावर सांगितलं.
आणि सकाळचा तो चिमुकला रिपोर्ट,
वीस सेकंदांत व्हायचा, आता तीस घेतो:
जिटचं लिहून होईतो
कामच उरकलेलं असतं.

बाबा दुभाषी होते. शिवडीच्या कोर्टात,
तेलुगूतून मराठी, तारखेगणिक भत्ता.
साक्षीदार म्हणायचा, नाकु तेलियदु.
बाबा म्हणायचे, मला माहीत नाही.
खून असो की पागडीचा तंटा,
पिंजऱ्यात माणूस बहुतेक एवढंच बोलतो.
सव्वीस वर्षांनी असं झालं
की 'नाकु ते' एवढं कानावर पडायचा अवकाश,
बाबांचं मराठी टायपिस्टच्या बोटांत पोचलेलं.
न्यायाधीश खूश.
दिवसाला दोन साक्षी जास्त निघायच्या.

मग राजव्वा गुंडेटी आली, कामाठीपुऱ्यातून,
पापड लाटून मनगटं सुजलेली.
तिला विचारलं, त्या रात्री जिन्यात कोण होतं?
नाकु ते—
मला माहीत नाही, बाबा म्हणाले.
टाईपरायटरची घंटी वाजली, ओळ संपली,
आणि बाई आपला शब्द पुरा करत होती:
—लुसु.
मला माहीत आहे.

साहेब, बाबा म्हणाले, मागचं वाक्य खोडा.

जिट त्या मानाने शहाणा.
अंदाजाच्या दारात पहारेकरी ठेवतो:
युनिट म्हणजे पूर्ण आकडाच ना?
पूर्ण आकडाच ना? नऊ लाखदा विचारतो,
विचारण्याचाही थोडा वेळ जातोच.
आज गोवंडीच्या एका मीटरने
आकड्याच्या जागी काहीच पाठवलं नाही.
रिकामं.
पहारेकऱ्याने अडवलं. लिहिलेलं सगळं फेकून
जिट मधल्या ओळीवर परत
त्या सावकाश माणसाच्या हवाली.
पुन्हा तापला, पुन्हा लिहिलं,
पुढचं मीटर, तेही रिकामं, पुन्हा फेकलं.
अख्खी गल्ली तशीच होती. बहुधा डीपी जळालेला.
अकराची मिनिटं एकोणपन्नास झाली,
म्हणजे जिट नव्हता तेव्हापेक्षा नऊ जास्त.

काटदरे फोनवर म्हणाले, रिकाम्याला शून्य धर
आणि पळव.
शून्य म्हणजे त्या घरात कुणी दिवा लावला नाही.
रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही.
मी गोवंडीची यादी बाजूला काढली,
ती वाचू दे म्हटलं त्याला एकेक ओळ, त्याच्या चालीने.
बाकीचं शहर धावू दे.
सकाळी यावरून बोलणी बसतील.

राजव्वानंतर बाबांनी दोन वर्षं नोकरी केली.
वाक्य पुरतं संपू द्यायचे, वर एक श्वास थांबायचे.
वकील घड्याळ दाखवत. बारमध्ये नाव पडलं, येमूल पॅसेंजर.

आत्ता प्रभादेवीहून त्यांचा फोन आला. झालं का?
नाही म्हटलं, पहाट होईल, तुम्ही झोपा.
मग ती नेहमीची शांतता.
इतकी वर्षं मला वाटायचं,
तिकडे नेटवर्क नसतं.