चिमठाणेवाली

एकोणीस फोटो आहेत माझ्याकडे, तेवढेच.
खेळ बनवणारी कंपनी बुडाली, सीडी खरवडली गेली,
गल्ली नंबर चारमधलं वाल्मीकअण्णांचं पार्लर
आता मोबाईलची कव्हरं विकतं.
उरलं ते मेमरी कार्डात,
सुरतला जाताना भटूने माझ्या खिशात टाकलेल्या:
टीव्हीसमोर उभं राहून काढलेले,
हललेले, पिवळट, एकोणीस.

खेळात तिला नाव होतं, पण कुठल्याशा
चौकोनी लिपीत, आम्हाला न वाचता येणारं.
हातात भाला, उजवी बाही फाटलेली, वेणी गुडघ्यापर्यंत,
आणि चाल अशी, की भटू पहिल्याच दिवशी म्हणाला,
ही तर आमची चिमठाण्याची मावशी,
बस चुकली की अशीच निघते पायी.
तेव्हापासून चिमठाणेवाली.
पाच रुपयांत अर्धा तास जगायची.

आता देवपुरात, माडीवरच्या खोलीत,
मी तिला यंत्राला शिकवतो आहे.
बाहेर चव्वेचाळीस, ग्राफिक्स कार्ड त्र्याऐंशीवर,
डब्याचं झाकण काढून कूलर तोंडाशी लावलाय,
वाळ्याचा ओला वास थेट सर्किटांवर.
दुपारी लाईट जाते, म्हणून रात्री.

तिला हाक मारायला एक शब्द लागतो,
यंत्राने कधीच न ऐकलेला,
नाहीतर ते दुसऱ्याच कुणाला घेऊन येतं.
मला शोधावा लागला नाही.

मग प्रत्येक फोटोखाली लिहायचं, काय दिसतं ते.
आणि इथे नियम उलटा आहे:
जे लिहाल ते तिच्यापासून सुटं होतं,
उद्या बदलता येतं, काढून ठेवता येतं.
जे लिहिणार नाही ते तिचंच होऊन बसतं.
म्हणून मी लिहिलं, दगडी पूल. लिहिलं, रात्र.
लिहिलं, उडी मारताना, मागून.
वेणी लिहिली नाही. बाही लिहिली नाही.
भाला लिहून दोनदा खोडला.

पहिल्या रात्री सहा बोटांची कुणी एक बाई,
मावशीशी काही नातं नसलेली.
दुसऱ्या रात्री वेणी आली, भाला वेणीतूनच उगवलेला.
तिसऱ्या रात्री, अडीच हजाराव्या फेरीला,
ती आली.

मी तिला लळिंगच्या किल्ल्यावर उभी केली,
पांझरेच्या कोरड्या पात्रात, पारोळा रोडला
उसाच्या रसाच्या गाडीपाशी, घुंगरांसकट.
सगळीकडे तीच. पाय उचललेला, बस चुकलेली.
आणि सगळीकडे डाव्या खांद्यावर
एक फिकट डाग.

शिकण्याचा वेग कमी केला. फेऱ्या घटवल्या.
रंग उडवून काळंपांढरं करून पाहिलं.
डाग काही जाईना.

सकाळी सहाला आई चहा घेऊन वर आली.
चष्मा नव्हता. वाकून बघितलं.
"हाई कोन शे रे?"
खेळातली आहे, म्हटलं.
"आनि तिना खांदावर हात कोना शे?"

एकोणीस फोटो पुन्हा उघडले, मोठे केले.
टीव्हीच्या काचेत ट्यूबलाईट. अर्धं ओढलेलं शटर.
आणि त्याच्यापुढे, फोन धरलेली
भटूची मूठ, करंगळी बाहेर काढलेली,
आट्यापाट्यात मोडली तेव्हापासून मिटतच नव्हती.
एकोणीसच्या एकोणीस फोटोंत.
आम्ही तिच्याकडे बघत होतो.
यंत्राला कोण सांगणार, कुठे बघायचं?

सुरतेत भटूने एकदा नंबर बदलला,
मग पुन्हा बदलला. मीही एकदा बदलला.

उपाय सोपा आहे, मला ठाऊक आहे.
प्रत्येक फोटोखाली आणखी दोन शब्द टाकायचे:
काचेतला हात.
नाव दिलं की तो सुटा होईल,
खांदा स्वच्छ.
पहिली फाईल उघडली, स्वल्पविराम दिला.
कर्सर तिथे लुकलुकतो आहे.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसती गरम हवा येते,
आणि आई जिन्यातून विचारते आहे,
बादलीभर पानी आनू का.