ब्याऐंशी

ऑगस्ट, दुपारचे दोन,
आणि मी शारजाहून अजमानपर्यंत
हीटर लावून आले.
काचा खाली, ओली ओढणी मानेवर,
पायांवर भट्टीचा झोत.
शेजारच्या लेनमधला टॅक्सीवाला
मान वळवून वळवून बघत होता.
बघू दे.
काटा लालपासून बोटभर मागे सरला होता.

तिघांचं सांगून झालं होतं.
एक म्हणाला रेडिएटर, दुसरा म्हणाला पंप.
तिसऱ्याने बॉनेटही उघडलं नाही.
मॅडम, नव्व्याण्णवची सनी,
भंगारात सातशे दिरहॅम येतील, घेऊन टाका.

सनैयाच्या शेवटच्या गल्लीत
पत्र्याच्या सावलीला अशफाक हुर्जूक, मूळ म्हसळ्याचे.
हिंदीत बोलत होते माझ्याशी
बॉनेटचा चटका बसून मी मराठीत शिवी हासडेपर्यंत.
"मग आधी सांगायचं ना, बाय."

उभी असताना तापते, का धावताना?
सुरू केल्यापासून किती मिनिटांनी?
गोडसर वास येतो का कधी?
मागून पांढरा धूर?
रात्री तापते?

पंधरा मिनिटांनी. उभी, धावती, सारखंच.
वास नाही. धूर नाही.
रात्रीसुद्धा.
इतकं मला कुणी विचारलं नव्हतं,
गाडीबद्दलच नव्हे, कशाबद्दलच.

ऑइलची पट्टी उन्हात धरली. मलई नाही.
"म्हणजे डोकं शाबूत आहे."
पंख्यापुढे वर्तमानपत्राचा तुकडा: चिकटला.
झाकणाचं रबर नखाने टोकरलं.
पोटावर झोपून खाली बघितलं,
वाळूवर एक ठिपका नाही.
मग एक हात वरच्या नळीवर, एक खालच्या,
डोळे मिटून.
"वरची पोळते. खालची गार.
पाणी आहे, पंखा आहे, वाट आहे.
दार उघडत नाही."

ते दार निघालं बत्ताशाएवढं, पितळी,
कडेला कोरलेलं: ८२.
दोऱ्याला बांधून स्टोव्हवरच्या पातेल्यात सोडलं.
माझ्या डिकीत शाळेच्या प्रयोगशाळेचं खोकं होतं,
सोमवारी शाळा उघडायची म्हणून आणलेलं.
मी कोरा थर्मामीटर फोडला.
त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

सत्तर. तळाशी मोहरीएवढे बुडबुडे.
ब्याऐंशी.
आम्ही दोघं वाकलेले. काही नाही.
अठ्ठ्याऐंशी. पंक्चरवाला गुल जमानही येऊन वाकला.
त्र्याण्णव.
सत्त्याण्णवला फट पडली, नखाएवढी,
अवेळी बेल वाजल्यावर
साखळी न काढता उघडतात तशी.

मी म्हटलं, काढूनच टाका ना.
इथे सगळे काढूनच टाकतात.
"आणि इंजिन गारच राहिलं तर?
तापायला तर हवंच, बाय.
किती, एवढंच बघायचं."

पस्तीस दिरहॅमचा नवा आणला.
त्यालाही दोरा बांधला. त्यालाही पातेलं.
ब्याऐंशीला उघडला, गुपचूप.
गुल जमानने टाळी वाजवली.

मग हवा काढणं.
इंजिन चालू, झाकण उघडं, ते नळी दाबताहेत,
बुडबुडा येतो, पाणी एक घोट खाली जातं,
पुन्हा ओतायचं, पुन्हा दाबायचं.
"अजून एक आहे आत."
तीन वेळा म्हणाले. तिन्ही वेळा होता.

चहा टाकू का, म्हणाले.
त्या हिरव्या पाण्यात काय असतं ते मला ठाऊक,
बाटल्यांवर कवटीची लेबलं मीच चिकटवते.
नको म्हटलं, घाईघाईने.
त्यांनी फळीवरून दुसरं पातेलं काढलं, दाखवलं.
"हे चहाचं. ते पेशंटचं."
दोन कप घेतले मी.

परत येताना सिग्नलला सहाव्या नंबरवर.
पुढे कंटेनर, मागे कंटेनर,
काटा अर्ध्याच्या किंचित खाली.
हात आपसूक हीटरच्या खटक्यावर गेला.
काटा हलला नाही.
हात तिथेच ठेवला,
रोला येईपर्यंत.