शेकडा दोन

बोटीतून उतरलो तेव्हा पाऊस आडवा होता
आणि एर्सिरा ग्वेन्तेओ गमबूट घेऊन उभी.
तुमच्या मापाचे नसतील, म्हणाली, पण कोरडे आहेत.

एकोणीस घरं, एक शाळा, एक दवाखाना.
टेकडीवर पॅनेल, उत्तरेकडे तोंड करून,
कारण चिलीच्या या टोकाला सूर्य उत्तरेनेच जातो,
तोही हिवाळ्यात कसाबसा.
शेजारी पवनचक्की, एका पात्याला टवका.
शेडमध्ये बॅटऱ्या, आणि त्यांच्या टोकांवरचा पांढरा पापुद्रा
जो ती दर शनिवारी जुन्या टूथब्रशने घासते.

मी आकडा घेऊन आलो होतो.
अठ्ठ्याण्णव टक्के भरवसा.
पलीकडच्या विमानतळावरचं नऊ वर्षांचं हवामान,
त्यातून संगणकाने रचलेली दहा हजार वर्षं,
त्यातून गाळलेला.
उरले शेकडा दोन, म्हणजे वर्षाला सात दिवस, वर काही तास.

कोणते सात? तिने विचारलं.

ते सांगता येत नाही. विखुरलेले असतात.

नसतात, म्हणाली. मेंढरांसारखे येतात,
एकाच्या शेपटीला दुसरा.

आम्ही गणितात धरलं होतं
की वारा आणि ऊन एकमेकांना ओळखत नाहीत.
एक रुसला तर दुसरा सांभाळून घेईल.
इथे मात्र वारा पडला की धुकं चढतं
आणि दोघेही नाहीसे,
एकाच बोटीने परगावी गेल्यासारखे.
वारा फारच आला तर चक्की आपणच ब्रेक लावते,
आणि वादळाच्या ऐन मध्यात
पाती गप्प.

वाऱ्याची मोट बांधतात लोक.
ती किती वेळ बांधलेली राहते
हे मोजायचा मला पगार.

मीटर उघडला. ऑगस्टात खंड: शून्य तास.
पण चौदा तारखेपासून पाच संध्याकाळी
घरांचा वापर जवळजवळ नाहीच.
सेन्सर बिघडला होता का?

नाही. मी घंटा वाजवली होती.

चॅपेलची. तीन ठोके.
मग एकोणीस घरं आपापले दिवे मालवतात,
म्हणजे लसींचा फ्रिज चालतो
आणि म्हाताऱ्या नोल्बेर्तोचं ऑक्सिजनचं यंत्र.
तिच्या वहीत तेवढंच:
धुकं. वारा नाही. फ्रिज चार अंश.

आपल्या हाताने केलेला अंधार
आमच्या व्याख्येत खंड नसतो.
मागणीच नव्हती, तर पुरवठा चुकला कसा?

त्या रात्री शाळेत बसून अहवाल लिहीत होतो.
अठ्ठ्याण्णव लिहिलं. शेरा या रकान्यात
‘घंटा’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
खिडकीबाहेर पात्यांचा आवाज केव्हा थांबला
कळलं नाही.

एक. दोन. तीन.

मी घाईने लॅपटॉप मिटला,
मग आठवलं, तो तर स्वतःच्याच बॅटरीवर होता.
तसाच बसून राहिलो.
खालच्या घरातून नोल्बेर्तोचं यंत्र ऐकू येत होतं,
मध्येच थांबल्यासारखं वाटायचं,
आणि पुन्हा.