सगळ्यात खालची ओळ

बातुमीत, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत,
चावीवाला आणि दंतवैद्य यांच्या मधोमध
माझं तिकिटांचं दुकान.
एक टेबल, दोन खुर्च्या,
भिंतीवर जगाचा नकाशा,
ग्रीसवर कॉफी सांडलेली.

लोक खुर्चीत टेकायच्या आधी भाव विचारतात.
मग एकेक निघतं पोतडीतून.
पहाटे तीनचं नको, टॅक्सीवाला दुप्पट घेतो.
खिडकी हवी.
खिडकी नको, गुडघा वाकत नाही.
आलुबुखाराच्या चटणीच्या सहा बाटल्या नेता येतील?
येतील, पण त्यांचं भाडं तिकिटाहून जास्त,
नाकापेक्षा मोती जड.
तरी नेतात.
शाल्वा खलाशी, बावीस वर्षं जहाजावर काढलेला,
कानाशी येऊन कुजबुजतो :
कमीत कमी थरथरणारं कुठलं?

मंगळवारी त्सिआला आली.
इटलीत बारी नावाच्या गावी
ती एका म्हातारीची उठबस करते.
सुट्टी संपत आली होती.
मी स्क्रीन तिच्याकडे वळवला.
वरची ओळ हिरवी :
इस्तंबूलला दीड तास थांबा, भाडंही कमी.
"याहून चांगलं मिळणार नाही."

तिने चष्मा काढला, पुसला, घातला.
"खाली जा."
अडीच तास. पाच तास.
"अजून."
पार तळाशी, जिथे माझं बोट कधी जात नाही,
लाल अक्षरांत, धोक्याची पाटी लावावी तसं :
थांबा चौदा तास.
वर एकशे दहा लारी जास्तीचे.
"हे."

मी समजावलं.
सकाळी आठला उतराल, रात्री दहापर्यंत बाकावर,
पाय सुजतील, पाण्याची बाटलीसुद्धा तिथे सोन्याच्या भावाने.
"बाहेर सोडतात ना?"
सोडतात. आपल्याला व्हिसा लागत नाही.
"लालेलीला जायला किती?"
मेट्रोने सव्वा तास.
ती बोटांची पेरं मोजायला लागली :
जायला सव्वा, यायला सव्वा, रांगांना दोन.
"साडेनऊ उरतात."

रमाझ तिथे चामड्याची जाकिटं शिवतो.
बापाशी बिनसलं त्याला पाच वर्षं झाली,
घराचं नाव काढत नाही.
हे सांगताना ती माझ्याकडे नाही,
ग्रीसकडे बघत होती.

"त्याला कळवलंय?"
"आधी विचारलं तर नको म्हणेल.
तिकीट निघाल्यावर काय म्हणणार?"

दंतवैद्याचं यंत्र भिंतीपलीकडे सुरू झालं, थांबलं.
"पहिलं विमान उशिरा सुटलं तर?"
तर तेवढा थांबा कमी.
हे तिच्या हिशोबात नव्हतं.
मी म्हटलं, आदल्या संध्याकाळचंही एक आहे,
मग अठ्ठावीस तास मिळतील.
तिने बराच वेळ विचार केला.
"नको. रात्र काढायची
म्हणजे त्याच्याकडे झोपायला जागा मागायची."

छपाईच्या वेळी म्हणाली,
"जुंबेर तिकीट बघेल. त्यात तास दिसतात?"
दिसतात.
"तास नाही वाचणार तो. आकडा वाचतो."
आकडाच तर वाढलाय, मी म्हटलं.
त्यावर तिने मोज्याच्या आतून
घडी घातलेल्या नोटा काढल्या, उबदार होत्या.
"हे एकशे दहा वेगळे घ्या.
यांची पावती नको."

मी एकदाच उडाले आयुष्यात, वॉर्सॉला,
सगळ्यात स्वस्तातलं बघून.
उतरले ते शहरापासून इतक्या लांब
की न्यायला आलेला माणूस
गाडीत झोपून गेला होता.
पुढे त्याच्याशी लग्न केलं नाही.
त्याचं कारण ते नव्हतं,
पण वाचवलेले पैसे कशात गेले
तेही आठवत नाही.

शुक्रवारी दुकान उघडलं,
कुलूप टेबलावर ठेवलं, कोट तसाच अंगात,
आणि आधी बातुमी–इस्तंबूल शोधलं.
चाळीस मिनिटं उशीर.
साडेनवातून चाळीस गेले.
आठ पन्नास.