सुटे दोन रुपये

धोपाव्याच्या धक्क्यावर मी लाँचच्या तिकिटांना चिमटा मारायचो तेव्हा
सकीना मुकादम पलीकडून यायची, दाभोळहून,
डोक्यावर पाटी, पाटीत सुका जवळा.
एकदा तिला दोन रुपये कमी पडले.
पदराची गाठ सोडून म्हणाली,
हे ठेव, मुळ्याचं बी आहे. पैसे उद्या.
उद्या ती विसरली. मीही.

त्याला आता एकतीस कार्तिक झाले.

भात झोडून झालं, पेंढा रचला
की गडग्याच्या कडेला मी तीन वाफे काढतो.
तांबडी माती, जरा आंबट; तिला राख लागते, शेणखत,
आणि मासळीची कुटी,
जिच्या वासानं शेजारचे वैद्य आठ दिवस
खिडक्या लावून घेतात आणि जानेवारीत
पिशवी घेऊन येतात.

चौथ्या दिवशी माती तडकते.
दोन पानं वर येतात, प्रत्येकाला टोकाशी खाच,
कुणी चिमटा मारून पुढे सोडल्यासारखी.

पाकिटातल्या बियाचा मुळा तीस दिवसांत होतो,
सरळ, पांढरा, शाळेतल्या खडूसारखा.
हा पंचावन्न घेतो.
खांदे गुलाबी, अंगाला बाक,
खाली जांभ्याचा खडा लागला तर
पायजमा घातल्यासारखा दुभंगतो.
आणि नाकात असा चढतो की
पहिल्या फोडीला शालन डोळे पुसत म्हणते,
आली तुमची सकीना.

एक नियम मात्र पाळला.
सगळ्यात चांगला मुळा खायचा नाही.
त्याला लाल चिंधी बांधायची, बियाला सोडायचा.
म्हणजे एकतीस वर्षं मी
दुसऱ्या नंबरचा मुळा खात आलो.

यंदा संक्रांतीला वानरं कौलांवर उतरली.
मी पुढच्या अंगणात डबा बडवत होतो
आणि मागे परसात ईरानं,
कामोठ्याच्या आमच्या नातीनं,
दोन्ही हातांनी, पाय रोवून,
चिंधीवालाच उपटला.
कोपरापर्यंत लांब. माती सांडत होती.
मला वाटलं याला रिबन आहे, म्हणजे बक्षीस आहे, ती म्हणाली.

मी वाफ्याच्या बांधावर बसलो.
रागवायला तोंड उघडलं,
तर शालननं विळी आणून समोर ठेवली.
बघताय काय? कापा.

शेंड्याकडची चार बोटं ठेवली, मधली कोवळी पानं ठेवली,
तेवढं बोंड परत मातीत दाबलं,
वर तांब्याभर पाणी.
उरलेल्याच्या फोडी. मीठ.
तिघं तिथंच, उकिडवे.

चव?
दुसऱ्या नंबरासारखीच.
थोडा गोड असेल, की मीच म्हणतोय.
मग नाकात चढला.
ईरा पाण्याकडे धावली.
शालन काही बोलली नाही,
खाडीकडे बघत राहिली,
जिथं आता मोठी बोट गाड्या घेऊन येते-जाते
आणि पाट्या घेऊन कुणी उतरत नाही.
सकीनाचं पुढे काय झालं
ते मी कधी विचारलं नाही.
रोज विचारता आलं असतं.

बोंड जगलं. फाल्गुनात फुललं,
फिकट जांभळं, धुवून विटलेल्या साडीसारखं.
डिंगऱ्या लागल्या. निम्म्या जवळा घालून खाल्ल्या,
निम्म्या झाडावरच वाळवल्या, सुपात चोळल्या.
हॉर्लिक्सच्या बाटलीत राख, राखेत बी.

मे महिन्यात ईरा चिमूटभर घेऊन गेली,
ट्रंकेतल्या एका जुन्या तिकिटात बांधून.
वेळ नाही ही पेरायची, मी सांगितलं.
तिनं पेरलं. आठव्या मजल्यावर, रंगाच्या डब्यात.

परवा फोन आला.
आजोबा, पानं आलीत,
पण दोन्हींना कुणीतरी चिमटा काढलाय.

असू दे, म्हटलं.
तपासून सोडलंय.